नवेगावचा बांध : आधी पाळ, मग पाणी



दिवाळीनंतर शाळाशाळांतून सहलीचे बेत सुरू होतात. अशा वेळी शिक्षकबंधूंना एक ठिकाण सुचवावेसे वाटते. ते म्हणजे गोंदिया जिल्ह्यातील, अर्जुनी-मोरगाव तालुक्यातले नवेगाव बांध.

काही वर्षांपूर्वी मी विद्यार्थ्यांना घेऊन तेथे गेलो होतो. टेकड्यांच्या कुशीतले अफाट पाणी पाहून मुले म्हणाली, "सर, निसर्गाची काय किमया आहे!" मीही मान डोलावली. शेजारी एक म्हातारे शेतकरी बसले होते. ते हसले आणि म्हणाले, "पानी मंग पाहा, गुर्जी. पयले पार पाहा." पार म्हणजे तलावाची पाळ, मातीचा बांध. इतिहास शिकवणाऱ्या मला त्या दिवशी एक धडा मिळाला. हा तलाव निसर्गाने दिलेला नाही, शेतकऱ्यांनी बांधलेला आहे.

अठराव्या शतकाच्या प्रारंभी कोलू पाटील कोहळी ह्यांनी तो बांधला, असे सांगतात. भोवतीच्या सात टेकड्यांना 'सातबहिणी' म्हणतात. दोन टेकड्यांमधली खिंड मातीने अडवावी, की वरचे पाणी आपोआप साठते. जमिनीचा उतार ओळखण्याची ही विद्या कोहळी समाजाकडे होती. गोंड राजांनी अशा लोकांना उत्तेजन दिले आणि भंडारा, गोंदिया, चंद्रपूर ह्या भागांत हजारो तलाव नि बोड्या उभ्या राहिल्या. लोकांनी कोलू पाटलांना पुढे देवत्व दिले. तलावाकाठी कोलासुराचे ठाणे आहे, ते अवश्य पाहा. राजांची देवळे पुष्कळ असतात. तलाव बांधणाऱ्याचे विरळा.

आता कुणी विचारील, एवढ्या पावसाच्या मुलखात तलाव कशाला? कारण पाऊस चार महिन्यांचा, आणि पीक धानाचे. लोंबी बाहेर पडण्याच्या वेळी पावसाने ओढ दिली, तर हातचे पीक जाते. तेव्हा तलावाचे एक पाणी वर्षाचे पोट भरते.

ह्या तलावांना सरकारी भाषेत 'मामा तलाव' म्हणतात. मुलांना गंमत वाटते; पण मामा म्हणजे माजी मालगुजारी. गावाचा सारा गोळा करणारा तो मालगुजार. त्याची सत्ता गावाला जाचकही होती, पण पाळीची डागडुजी आणि गाळ काढणे ही कामे त्याच्या देखरेखीखाली होत. हा भाग त्या वेळी मध्यप्रदेशात होता. तेथील १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली, हे योग्यच झाले. तलाव सरकारजमा झाले. मात्र "पाळ कोणाची?" ह्या प्रश्नाला गावात उत्तर उरले नाही. पुष्कळ तलाव गाळाने उथळ झाले आणि बेशरमाच्या झुडपांनी भरले. समाधान एवढेच, की ह्याच तालुक्यात ढिवर बांधवांनी काही तलावांतली बेशरम उपटून, माशांना उपयोगी पाणवनस्पती पुन्हा लावल्या आहेत.

म्हणून माझी विनंती अशी. पहाटे पोचा आणि प्रथम पाळीवरून चाला. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला धानाची शेते. सारा इतिहास त्या दोहोंमध्ये आहे. सांडव्याचे पाणी पुढे कोठे जाते, ते मुलांना शोधू द्या. ढिवरांना माशांची नावे विचारा. हिवाळ्यात दूरदेशचे पक्षी येतात. वनाधिकारी म्हणून येथे राहिलेले मारुती चितमपल्ली (१९३२–२०२५) ह्यांच्या लेखनातून हे पाणपक्षी मराठी वाचकाच्या ओळखीचे झाले. जवळच १९७५ साली झालेले राष्ट्रीय उद्यान आहे. तेथे जायचे तर वनखात्याची परवानगी आधी काढावी.

आणि परतल्यावर मुलांना निबंधाला 'तलावाकाठची सकाळ' हा विषय देऊ नका. 'आमच्या गावची पाळ कोणाची?' हा द्या. उत्तरे घरी विचारूनच लिहावी लागतील. त्या निमित्ताने घरची मोठी माणसेही विचार करतील.