मीर सुलतान खान यांचा हिशेब

पंजाबच्या मिठा टिवाना गावचे मीर सुलतान खान यांचे नाव आपल्याकडे निघाले की कोणीतरी हटकून म्हणते, "तेच ना, ज्यांनी जगज्जेत्या कॅपाब्लांकाला हरवले?" बोलणाऱ्याच्या आवाजात अभिमान असतो आणि तो आम्हालाही वाटतो. पण वाक्य बरोबर नाही. हा डाव १९३०-३१ च्या हेस्टिंग्ज स्पर्धेतला. कॅपाब्लांकाचे जगज्जेतेपद १९२७ सालीच अलेखिनने हिरावून घेतले होते. हरला तो माजी जगज्जेता. विजय त्यामुळे लहान होत नाही, कारण त्या काळी कॅपाब्लांकाला हरवणे ही वर्षानुवर्षे सांगायची गोष्ट होती. स्पर्धेचा निकाल मात्र आपल्या गप्पांत येतच नाही. ऑयवे ७ गुण, कॅपाब्लांका साडेसहा, सुलतान खान ६. म्हणजे तिसरा क्रमांक. अलेखिनला तर त्यांनी कधीच हरवले नाही. १९३१ साली प्रागला बरोबरीत रोखले, एवढेच.

आपल्या माणसाचा मोठेपणा आपणच फुगवून सांगितला, तर दुसऱ्यांनी त्याचे छाटलेले रूप खोडून काढायला आपल्याला तोंड राहत नाही. आणि सुलतान खान यांच्या बाबतीत छाटणी बरीच झाली आहे.

आधी ज्यावर वाद नाही ते पाहू. १९२८ साली ते अखिल भारतीय विजेते झाले. ९ डावांत ८ जिंकले, एक बरोबरीत सोडवला. १९२९ साली सर उमर हयात खान टिवाना त्यांना लंडनला घेऊन गेले. तिथे सरावासाठी भरवलेल्या छोट्या स्पर्धेत ते तळाला राहिले. त्यांचा हात देशी खेळावर बसलेला होता. देशी पद्धतीत प्याद्याला पहिल्या चालीत दोन घरे मिळत नाहीत, विलायती पद्धतीचे किल्लेकोट नाही, राजाला एकदा घोड्याची उडी घेता येते. सुरुवातीच्या चालींचे विलायती शास्त्र त्यांनी अभ्यासलेले नव्हते. विंटर आणि येट्स या दोन इंग्रज खेळाडूंनी त्यांची तयारी करून घेतली आणि त्याच उन्हाळ्यात रॅम्सगेटला ते ब्रिटनचे विजेते झाले! पुढे १९३२ आणि १९३३ मध्येही झाले. चार वेळा भाग घेतला, तीन वेळा जिंकले. ऑलिम्पियाडमध्ये १९३०, १९३१ आणि १९३३ अशा तिन्ही खेपेला ते इंग्लंडच्या पहिल्या पटावर बसले. प्रागला रुबिनस्टाईन आणि फ्लोर या दोघांनाही त्यांनी हरवले. तार्ताकोवरविरुद्धचा सामना साडेसहा-साडेपाच असा जिंकला, फ्लोरविरुद्धचा अडीच-साडेतीन असा गमावला.

हे तक्ते कोणी नाकारत नाही. वाद आहे तो तक्त्यांच्या आजूबाजूला लिहिलेल्या मजकुराचा. इंग्रजी पुस्तकांत सुलतान खान म्हणजे सर उमर यांचा 'नोकर'. ऑक्सफर्डच्या बुद्धिबळ कोशाने त्यांच्या प्रतिभेला तोड नाही असा निर्वाळा दिला आणि त्याच नोंदीत त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते असेही छापले. अमेरिकन खेळाडू रूबेन फाईनने तर १९३३ सालची एक आठवण लिहिली. अमेरिकेचा संघ सर उमर यांच्याकडे जेवायला गेला, तेव्हा ब्रिटनचा विजेता पाहुण्यांना वाढत होता. ही गोष्ट पुढच्या लेखकांनी एकमेकांची पाहून उतरवली. २०२० साली डॅनियल किंग यांचे चरित्र आले, त्याच्या उपशीर्षकातही 'भारतीय नोकर' हेच शब्द आहेत.

त्यावर सुलतान खान यांच्या नातीने जाहीर उत्तर दिले. घराणे अवान जमातीचे, पीर आणि जमीनदारांचे. आजोबा निरक्षर नव्हते आणि कोणाचे नोकरही नव्हते, असे तिचे म्हणणे. कोणाचे खरे मानावे? घरच्यांच्या सांगण्यात घराण्याची बाजू असणारच, हे आम्ही विसरत नाही. पण फाईनच्या आठवणीला जेवढी तपासणी मिळाली त्याहून कितीतरी अधिक या कुटुंबाच्या म्हणण्याला सोसावी लागली, हेही तितकेच खरे. आश्रयदाता आणि कलावंत यांचे नाते आपल्या मुलखात कसे असते हे ज्याला ठाऊक आहे, त्याला बड्या सरदाराच्या पदरी असलेला गवई किंवा पहिलवान 'नोकर' होता, असे एका शब्दात सांगता येणार नाही. मेहमानांपुढे स्वतः ताट ठेवणे ही तर आपल्या घरांत यजमानाचीच रीत. फाईनने जे पाहिले ते पाहिले असेल. त्याचा अर्थ मात्र त्याने आपल्या देशाच्या चालीवरून लावला.

शब्दांचा हा परिणाम निकालांच्या मोलावरही झाला, असे आम्हाला वाटते. १९५० साली जागतिक महासंघाने २७ जणांना पहिले ग्रँडमास्टर ठरवले. त्यात उतारवयातले, जुन्या कामगिरीवर निवडलेले कितीतरी होते. रुबिनस्टाईन, तार्ताकोवर आणि फ्लोर होते. त्यांना हरवणारे सुलतान खान तेव्हा हयात असूनही यादीत नव्हते. फाळणीनंतर पाकिस्तानात गेलेल्या पंजाबात ते राहत होते आणि स्पर्धा सोडून बराच काळ लोटला होता, ही कारणे असू शकतात. पण रुबिनस्टाईननेही कधीच खेळ सोडला होता. कोल्स यांचे पुस्तक १९६५ मध्ये निघाले, पुढच्याच वर्षी सुलतान खान वारले. पुढे प्रा. एलो यांनी जुन्या निकालांवरून त्यांचे मानांकन २५३० काढले. मानद ग्रँडमास्टर हा किताब आला २०२४ च्या फेब्रुवारीत, मृत्यूनंतर ५८ वर्षांनी, आणि दिला गेला पाकिस्तानच्या पंतप्रधानांच्या हाती. मग ते भारताचे की पाकिस्तानचे, हा नवा वाद सुरू झाला. तक्त्यात पाहावे तर ते इंग्लंडकडून खेळलेले आहेत!

आमच्या दृष्टीने याहून महत्त्वाची नोंद वेगळीच आहे. १९३३ च्या अखेरीस सर उमर त्यांना घेऊन परतले आणि इंग्रजी पुस्तकांतली त्यांची गोष्ट जवळपास तिथेच संपते. पण १९३५ साली सुलतान खान यांनी व्ही. के. खाडिलकर यांच्याशी सामना खेळला. दहा डाव, एक बरोबरी, उरलेले नऊ सुलतान खान यांचे. खाडिलकर म्हणजे १९२४ सालीच ब्रिटिश अजिंक्यपद स्पर्धेत खेळून आलेले खेळाडू. त्यांना असे हरवणारा माणूस संपलेला नव्हता. बुद्धिबळाचे सदर चालवणारी त्या सालची जी मराठी वर्तमानपत्रे असतील, त्यांच्या फायली ग्रंथालयांतून धुंडाळायला हव्यात. दहातला एखादा डाव चालींसकट हाती लागला, तरी विलायतेहून परतलेले सुलतान खान कसे खेळत होते, ते पटावर मांडून पाहता येईल.