बार्टन हॉलमधील मैफल : एका ध्वनिफितीचा पाठेतिहास

मैफल ही स्वभावतःच नाशिवंत. तिच्यामागे उरते ते एखादे भित्तिपत्रक, वृत्तपत्रातील चार ओळी आणि श्रोत्यांच्या परस्परविरोधी आठवणी. विद्यापीठाच्या आवारातील मैफलींचा तर श्रोतृवर्गही दर तीन-चार वर्षांनी पांगतो. अशा स्थितीत अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाच्या बार्टन हॉलमध्ये ८ मे १९७७ रोजी झालेली 'ग्रेटफुल डेड' या रॉक वाद्यवृंदाची मैफल आजही जशीच्या तशी ऐकता येते, ही गोष्ट अभ्यसनीय ठरते.

बार्टन हॉल मुळात लष्करी कवायतीसाठी बांधला गेला. त्या रात्रीचे मुद्रण बेटी कँटर-जॅक्सन यांनी थेट ध्वनियंत्रणेतून केले. परंतु मूळ फिती विद्यापीठाकडे गेल्या नाहीत, वाद्यवृंदाच्या संग्रहातही राहिल्या नाहीत. त्या भाड्याच्या कोठारात पडून होत्या. भाडे थकले आणि १९८६ मध्ये त्यांचा लिलाव झाला.

मैफल जगली ती रसिकांनी विक्रीवाचून परस्परांत वाटलेल्या प्रतींवर. प्रतीवरून प्रत करताना फितीची खरखर वाढत जाते आणि तीवरून जाणकार प्रतीची पिढी ओळखतात. हस्तलिखितांच्या अभ्यासकाला यात नवे काही वाटू नये. शके १५०६ मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला, तो अशाच प्रतिपरंपरेतून. भेद इतकाच की, लेखनिक पदरचा शब्द घालतो, यंत्र केवळ खरखर घालते. (फीत बदलताना गळलेला भाग दुसऱ्या मुद्रणातून भरून काढणारे 'संपादक' मात्र या क्षेत्रातही आहेत.)

लायब्ररी ऑफ काँग्रेसने २०११ सालच्या निवडीत हे मुद्रण राष्ट्रीय ध्वनिमुद्रण-सूचीत समाविष्ट केले. अधिकृत प्रकाशन त्यानंतर, २०१७ मध्ये झाले. त्याच वेळी ५ मेची न्यू हेवन, ७ मेची बॉस्टन आणि ९ मेची बफेलो येथील मुद्रणेही प्रसिद्ध झाली. चारही ओळीने ऐकली असता, कॉर्नेलची मैफल सर्वश्रेष्ठ हे रूढ मत डळमळू लागते. तिच्या कीर्तीत वादनाच्या गुणाचा वाटा किती आणि सुस्पष्ट प्रत सर्वत्र पोचण्याचा किती, हे वेगळे करणे सोपे नाही. जे टिकले तेच थोर, असा समज वाङ्मयेतिहासातही पुष्कळदा होतो.

शिवाय ध्वनियंत्रणेतून घेतलेल्या मुद्रणात वादन स्वच्छ येते, पण सभागृहाचा घुमारा व श्रोत्यांचा प्रतिसाद क्षीण होतो. बार्टन हॉलमध्ये त्या रात्री जमलेल्या विद्यार्थ्यांचा आवाज ऐकावयाचा, तर श्रोत्यांमधूनच कोणी घेतलेल्या, दर्जाने उण्या मानल्या गेलेल्या फितीकडे वळावे लागते.