बंद पिनबॉल यंत्र घेताना आधी काच पाहावी

‘गेल्या वर्षापर्यंत उत्तम चालत होते, एखादा फ्यूज उडाला असावा.’ अमेरिकेत जुने, बंद पडलेले पिनबॉल यंत्र विकायला काढणाऱ्याच्या तोंडी हे वाक्य हमखास असते. फ्यूज ही अगदी किरकोळ किमतीची वस्तू. तेवढ्यावर यंत्र सुरू होणार असते, तर विक्रेत्याने ते काम स्वतःच उरकून वाढीव किंमत मागितली असती. खरेदीला निघालेल्याने एवढे तारतम्य बाळगले, तरी पुढचा बराच मनस्ताप वाचतो.

या यंत्रांचे माहेरघर शिकागो. डेव्हिड गॉटलिब यांच्या ‘बॅफल बॉल’ने १९३१ मध्ये या खेळाला मोठ्या धंद्याचे रूप दिले. बॅली आणि विल्यम्स ही पुढची मोठी नावेही याच शहरातली. चेंडू परतविणारे विजेवरचे फ्लिपर मात्र १९४७ च्या ‘हम्प्टी डम्प्टी’पासून आले. तोवर सारा खेळ नशिबावर चाले. जुगार म्हणून न्यूयॉर्कने त्यावर १९४२ मध्ये घातलेली बंदी १९७६ पर्यंत टिकली, ती या पूर्वेतिहासामुळेच. विल्यम्सने १९९९ मध्ये पिनबॉलचे उत्पादन थांबविले. या कंपन्यांची हजारो जुनी यंत्रे आज घरोघरच्या तळघरांत आणि गॅरेजमध्ये धूळ खात पडलेली आढळतात.

बंद यंत्र पाहताना काय चालत नाही, याकडे नवख्या ग्राहकाचे लक्ष जाते. जाणकार मात्र आधी उभ्या पेटीवरची चित्रमय काच पाहतात. हे चित्र काचेच्या मागच्या बाजूने छापलेले असते आणि त्याच्या मागे दिवे जळत असतात. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने आणि दमट हवेने रंगाचे पोपडे सुटतात. एकदा गळून पडलेला रंग परत येत नाही. हुबेहूब नवी काच मोजक्याच लोकप्रिय खेळांसाठी मिळते, तीही महाग. पोपडे सुटलेल्या काचेची मागची बाजू ओल्या फडक्याने पुसणे म्हणजे उरलेले चित्रही घालविणे. हीच गोष्ट खेळाच्या लाकडी पाटाची. पोलादी चेंडूच्या घर्षणाने रंग जाऊन लाकूड उघडे पडले असेल, तर किंमत त्या बेताने ठरवावी. विजेचे दोष बहुधा दुरुस्त होतात, पण चित्रकाराचे काम तसे होत नाही.

नंतर यंत्राची पिढी ओळखावी. सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंतच्या यंत्रांत इलेक्ट्रॉनिक बोर्ड नसतात. रिले, फिरत्या आकड्यांची चक्रे आणि शेकडो पितळी पत्त्यांचे स्विच यांच्या जोरावर सारा हिशेब चालतो. त्यानंतरच्या यंत्रांत इलेक्ट्रॉनिक बोर्ड आले आणि त्यांच्याबरोबर एक छुपा शत्रूही आला. तो म्हणजे गुणसंख्या लक्षात ठेवण्यासाठी बसविलेली बॅटरी. ती विसरली गेली की गळते आणि तिचे क्षार बोर्डावरच्या तांब्याच्या रेषा खात सुटतात. म्हणून मागची पेटी उघडून दाखविण्याचा आग्रह धरावा. बॅटरीभोवती हिरवट-निळसर थर दिसला, तर नव्या बोर्डाचा खर्च मनात धरूनच बोलणी करावीत. किल्ली हरवल्याची सबब सांगितली जाते. कुलूप काढणे सोपे असते. पण त्याचा अर्थ एवढाच, की आत कित्येक वर्षांत कोणी पाहिलेले नाही.

यंत्र घरी आले, की ते लगेच सुरू करून पाहण्याचा मोह आवरला पाहिजे. प्लग काढलेला असतानाच प्रत्येक फ्यूज तपासावा. सतत उडणाऱ्या फ्यूजला कंटाळून कोणीतरी जास्त क्षमतेचा फ्यूज बसविलेला किंवा चांदी कागद गुंडाळलेला आढळतो. मग मल्टिमीटरने कॉइलचा रोध मोजावा. तो जवळजवळ शून्य आला, तर कॉइल जळलेली आहे. केवळ ती बदलून भागत नाही, कारण तिला वीज सोडणारा ट्रान्झिस्टर निकामी झालेला असेल, तर नवी कॉइलही मिनिटभरात धूर सोडू लागते. आधी ट्रान्झिस्टर, मग कॉइल, हा क्रम चुकवू नये.

सत्तरच्या दशकाच्या अखेरच्या बॅली यंत्रांत मुख्य बोर्डावरचा छोटा दिवा स्वतःच रोगनिदान करतो. सुरू करताच एकदा क्षणभर आणि मग सात वेळा तो लुकलुकला, तर बोर्ड ठीक समजावा. सहा वेळा लुकलुकून थांबला, तर बोर्डाचा मेंदू शाबूत असून कॉइलना लागणारी वीज तेवढी पोहोचत नाही. इतकी सोय आजच्या कित्येक घरगुती उपकरणांतही नसते!

त्याआधीच्या पिढीत निदानाला चिकाटी लागते. खेळ सुरू करताच आतली मोटर अखंड फिरत राहते आणि यंत्र पुढे सरकत नाही, ही नेहमीची तक्रार. बहुतेक वेळा गुणांचे एखादे चक्र शून्यावर पोहोचलेले नसते किंवा पोहोचल्याची खबर देणारी पत्ती मळलेली असते. मूळ वंगण दशकांनंतर डिंकासारखे घट्ट होते. ते अल्कोहोलने धुऊन काढावे आणि बहुतेक भाग कोरडेच जोडावेत. चिकटलेल्या भागांवर फवाऱ्याचे तेल मारण्याची सवय घातक आहे. ते धूळ धरते आणि स्विचच्या ठिणगीजवळ पेटूही शकते. मळलेल्या पत्त्यांमधून जाड कागदाची पट्टी ओढणे पुरते. कानस फक्त जास्त वीज वाहणाऱ्या जाड संपर्कबिंदूंसाठी. सोन्याचा मुलामा असलेल्या नाजूक पत्त्यांना ती लावली, तर त्या कायमच्या बिघडतात. यंत्राच्या तळाशी घडी करून ठेवलेला विद्युत आराखडा मिळाला, तर तो जपून ठेवावा. त्याच्याविना तारांच्या जंजाळात वाट काढणे कठीण.

रबरी कडी, कॉइलमधल्या नायलॉनच्या नळ्या आणि गंजलेला चेंडू हे शेवटी, स्वस्तात बदलता येते. खेळात जान येते ती मात्र याच बदलांनी.

शंभर किलोंहून अधिक वजनाचे असे यंत्र अमेरिकेतून भारतात आणायचे असेल, तर त्याचा ट्रान्सफॉर्मर तिथल्या ११५-१२० व्होल्टसाठी असतो, हे विसरू नये. नंतरच्या अनेक यंत्रांत जोडणी बदलून २२० व्होल्टची सोय होते. जुन्यांना वेगळा स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर लागतो. पन्नास-साठच्या दशकांतल्या यंत्रांची वायर दोन पिनांची, अर्थिंगविना असते. धातूच्या दाराला हात लावून खेळायचे असल्याने, तीन पिनांची वायर बसवून ते दार अर्थला जोडल्याखेरीज मुलांना यंत्राजवळ जाऊ देऊ नये.