माद्रिदमधील चार हिवाळी दिवस: सहलीचा क्रम आणि इतिहासाचा क्रम

काय पाहायचे, काय गाळायचे आणि कशानंतर काय ठेवायचे, हे तीन निर्णय प्रत्येक प्रवाशाला निघण्यापूर्वी घ्यावे लागतात. इतिहासकारालाही याच तीन निर्णयांतून जावे लागते. दोघांत फरक असलाच तर एवढाच, की इतिहासकाराला आपल्या निवडीचे समर्थन करावे लागते. प्रवासी मात्र ‘वेळ नव्हता’ एवढे म्हणून सुटतो.

हा विचार मनात येण्यास एक घरगुती निमित्त घडले. आमच्या विभागातील एक ज्येष्ठ सहकारी नाताळच्या सुटीत मुलीकडे युरोपात जाणार आहेत. परतण्यापूर्वी, जानेवारीच्या आरंभी, स्पेनसाठी चार दिवस काढता येतील असे कळल्यावर त्या म्हणाल्या, ‘सर, तुम्ही जाऊन आला आहात, एक कागद करून द्या. कुठे राहायचे आणि कोणत्या दिवशी कुठे जायचे, एवढेच लिहा.’ तो एक कागद लिहिता लिहिता बराच लांबला. पुढील लेख म्हणजे त्या कागदाचाच विस्तार आहे.

प्रथम गाळण्याविषयी. चार दिवसांत ग्रानादा, कोर्दोबा, सेव्हिया आणि बार्सेलोना ‘उरकणारे’ पुष्कळ आहेत. माझाही पहिला आराखडा तसाच होता. पण जानेवारीच्या आरंभी माद्रिदला सूर्य साडेआठनंतर उगवतो आणि सहाच्या सुमारास मावळतो. सकाळ इतकी उशिरा का होते, या प्रश्नाचे उत्तरही इतिहासातच आहे. भौगोलिकदृष्ट्या ग्रीनिचच्या पश्चिमेस असलेल्या या शहराची घड्याळे १९४० साली फ्रँकोच्या राजवटीत मध्य युरोपीय, म्हणजे त्या वेळी बर्लिनच्या, वेळेला लावली गेली. ती पुन्हा मागे आली नाहीत. तेव्हा हाती येणारा प्रकाश साडेनऊ तासांचा. त्यात दुपारचे जेवण दोननंतर आणि रात्रीचे साडेआठनंतर. अशा दिवसांत रोज मुक्काम हलवण्यापेक्षा माद्रिदला एकच खोली घ्यावी आणि सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता येईल एवढ्याच अंतरावरील गावे निवडावीत, हे शहाणपणाचे. समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसहाशे मीटरवर असलेल्या माद्रिदची थंडी कोरडी आणि बोचरी असते. पण आकाश पुष्कळदा स्वच्छ असते आणि उन्हाळ्यातील गर्दी नसते.

माद्रिद हे मुक्कामासाठी योग्य आहे, याला आणखी एक कारण आहे. १५६१ साली दुसऱ्या फिलिपने दरबार येथे आणला, तेव्हा हे तुलनेने किरकोळ गाव होते. देशाच्या मध्यभागी असणे हा त्याचा मोठा गुण. भोवतालची गावे मात्र त्याहून कितीतरी जुनी आणि मानाची. म्हणून माद्रिदहून एकेका दिवसाला बाहेर पडणे म्हणजे राजधानीतून तिच्या पूर्वजांना भेटायला जाणे होय. असे चार पूर्वज माझ्या यादीत होते: तोलेदो, अल्काला दे एनारेस, एल एस्कोरियाल आणि सेगोव्हिया. तोलेदो आणि सेगोव्हियाला वेगवान गाडीने अर्ध्या तासाच्या आसपास पोहोचता येते. उरलेल्या दोन ठिकाणी उपनगरी गाड्या जातात. प्रश्न उरतो तो क्रमाचा.

कालक्रमानेच जायचे तर सेगोव्हियाचा रोमन जलसेतू पहिला आणि तोलेदो दुसरे. सेगोव्हियाचा सेतू पाहताना मान दुखते. चुन्याशिवाय, केवळ दगडावर दगड तोलून उभ्या केलेल्या त्या कमानी गावाच्या मध्यभागी सुमारे अठ्ठावीस मीटर उंच आहेत. याच गावातील सान मिगेल चर्चमध्ये १३ डिसेंबर १४७४ रोजी, म्हणजे ऐन हिवाळ्यात, इसाबेलाला कास्तिलची राणी म्हणून घोषित करण्यात आले. साहित्याच्या विद्यार्थ्याने आणखी एक घर पाहावे. अंतोनियो माचादो या कवीने १९१९ ते १९३२ या काळात येथे फ्रेंच शिकवले. ज्या साध्या खोलीत तो भाड्याने राहत होता, ती जतन केलेली आहे. येथील वेगवान गाडीच्या स्थानकाला ‘ग्वियोमार’ हे त्याच्या कवितेतील प्रेयसीचे नाव दिलेले आहे. यादवी युद्धाच्या अखेरीस सीमा ओलांडून गेलेला हा कवी फेब्रुवारी १९३९ मध्ये फ्रान्समधील कोल्यूर येथे परागंदा अवस्थेत वारला. ज्या देशाने त्याला बाहेर जाऊ दिले त्याच देशाने पुढे त्याच्या प्रेयसीचे नाव स्थानकाला दिले, ही गोष्ट लक्षात ठेवावी. या चारही गावांत तिचे प्रतिध्वनी ऐकू येतात.

तोलेदोची कीर्ती आपल्याला, निदान भाषांतराचा पेपर शिकवणाऱ्यांना, वेगळ्या कारणाने ठाऊक आहे. १०८५ साली सहाव्या आल्फोन्सोने हे शहर मुस्लिम सत्तेकडून घेतले, तेव्हा त्याच्या हाती अरबी ग्रंथांचे भांडार आणि अरबी जाणणारी प्रजा असे दोन्ही आले. बाराव्या शतकात युरोपभरातून विद्वान येथे येऊ लागले. क्रेमोनाचा जेरार्ड टॉलेमीचा ‘अल्माजेस्ट’ शोधत आला आणि ११८७ साली निवर्तेपर्यंत भाषांतरेच करत राहिला. ‘तोलेदोची भाषांतरशाळा’ हे नाव नंतरच्या अभ्यासकांनी दिलेले. प्रत्यक्षात तेथे शाळेची इमारत वा अभ्यासक्रम नव्हता. होती ती एक पद्धत. अरबी जाणणारा, बहुधा ज्यू वा अरबीभाषक ख्रिस्ती, पंडित मजकूर तोंडी स्थानिक बोलीत सांगे आणि दुसरा ते लॅटिनमध्ये उतरवी. दोन ग्रांथिक भाषांच्या मध्ये बोलली जाणारी ती तिसरी भाषा कागदावर उरत नसे. तेराव्या शतकात दहाव्या आल्फोन्सोच्या आश्रयाने मोठा बदल झाला: लॅटिनऐवजी कास्तिलियनमध्येच ग्रंथ लिहिले जाऊ लागले. मधली, तोंडी, अदृश्य भाषाच साहित्यभाषा झाली. स्पॅनिश गद्याच्या जडणघडणीत या गोष्टीचा वाटा मोठा आहे.

या भाषांतरांतील एक आपल्या घरचे आहे. पंचतंत्र सहाव्या शतकात इराणात पहलवीत गेले. आठव्या शतकात इब्न अल्-मुकफ्फाने त्याचे अरबीत ‘कलीला व दिम्ना’ केले. करटक आणि दमनक या आपल्या दोन कोल्ह्यांचीच ती नावे. १२५१ च्या सुमारास, आल्फोन्सो अजून युवराज असताना, त्याचे ‘कालिला ए दिम्ना’ हे कास्तिलियन रूप सिद्ध झाले. विष्णुशर्म्याच्या कथांचा हा मुक्काम वर्गात सांगताना विद्यार्थ्यांचे चेहरे उजळतात. माझाही चेहरा उजळत असे.

येथेच माझी चूक झाली होती. मी स्वतः गेलो तेव्हा पहिल्याच दिवशी तोलेदोला गेलो. मशीद, सिनागॉग आणि कॅथेड्रल एकाच गावात हिंडून पाहिले, एल ग्रेकोचे ‘काउंट ओर्गाथचे दफन’ पाहिले आणि ‘तीन संस्कृतींचे शहर’ ही माहितीपत्रकातील शब्दसंहती मनात घेऊन प्रसन्नपणे परतलो. पुढच्या दिवसांत जे पाहिले त्याने ती प्रसन्नता टिकली नाही. पण तोलेदो पुन्हा पाहायला दिवस उरला नव्हता.

अल्काला हे सर्व्हान्तेसचे गाव. ९ ऑक्टोबर १५४७ रोजी येथे त्याचा बाप्तिस्मा झाला. १४९९ साली कार्डिनल सिस्नेरोसने येथे विद्यापीठ स्थापले. त्याच्याच प्रेरणेने येथे हिब्रू, ग्रीक, लॅटिन आणि अरामाईक पाठ शेजारी शेजारी छापणारे बहुभाषिक बायबल १५१७ पर्यंत छापून पूर्ण झाले. पाठचिकित्सेच्या इतिहासात त्याचे स्थान मोठे आहे. मात्र याच सिस्नेरोसने, विद्यापीठाची उभारणी चालू असतानाच्याच काळात, ग्रानादाच्या चौकात अरबी ग्रंथांची होळी केली. वैद्यकाचे काही ग्रंथ तेवढे वाचले; ते अल्कालाला आणण्यात आले. विद्यापीठाच्या सुंदर दर्शनी भिंतीसमोर उभे राहिल्यावर, ज्ञानाचा आश्रयदाता आणि ग्रंथदाहक ही दोन माणसे नव्हती, हे मनाला समजावून सांगावे लागते.

एल एस्कोरियालला ते अधिकच कठीण जाते. १५६३ ते १५८४ या काळात दुसऱ्या फिलिपने बांधलेला हा मठ, राजवाडा आणि राजघराण्याचे दफनस्थान, हिवाळ्यात ग्वादारामा पर्वताच्या पायथ्याशी करड्या दगडाच्या करड्या प्रकाशात उभा असतो. या राजाचा आपल्याशी थेट संबंध आहे. १५८० ते १६४० अशी साठ वर्षे पोर्तुगालचा मुकुट स्पेनच्या राजांकडे होता. म्हणजे गोव्यावरील अंतिम सत्ताही त्यांचीच. फादर स्टीफन्सचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली रायतूर येथे छापले गेले, तेव्हा साष्टीचा राजा माद्रिदला बसत होता. सर्व्हान्तेस त्याच वर्षी त्याच माद्रिदमध्ये वारला. मराठी ओवी आणि स्पॅनिश कादंबरी एकाच सत्तेच्या छायेत होत्या. पण एकमेकींना त्याची खबर नव्हती.

१५६७ साली या दुसऱ्या फिलिपच्या राज्यात ग्रानादाच्या मोरिस्कोंना, म्हणजे बाप्तिस्मा दिलेल्या मुस्लिमांना, अरबी बोलण्यास, लिहिण्यास व वाचण्यास बंदी करणारा हुकूम जाहीर झाला. त्यातून पुढच्याच वर्षी बंड झाले. आणि हाच राजा एस्कोरियालच्या ग्रंथालयासाठी अरबी हस्तलिखिते जमवत होता. त्याच्या मुलाच्या कारकिर्दीत, १६०९ ते १६१४ या वर्षांत, मोरिस्कोंना देशाबाहेर घालवण्यात आले. याच काळात, १६१२ साली, मोरोक्कोच्या सुलतानाचा ग्रंथसंग्रह वाहून नेणारे जहाज स्पॅनिशांच्या हाती लागले आणि ती हजारो हस्तलिखिते एस्कोरियालला आली. १६७१ च्या आगीत त्यांतील पुष्कळ जळाली. वाचणारे बाहेर आणि ग्रंथ आत, अशी ही व्यवस्था. ‘कालिला ए दिम्ना’च्या दोन्ही प्रमुख प्रती याच ग्रंथालयात आहेत, हे कळल्यावर माझा अभिमान जरा ओशाळला.

‘दोन किहोते’ (आपल्याकडचा ‘डॉन क्विक्झोट’) याचा नववा अध्याय आता वेगळा वाचता येतो. निवेदकाला तोलेदोच्या बाजारात रद्दी म्हणून विकायला आलेल्या वह्या मिळतात. त्या अरबीत असतात. तो वाचून दाखवणारा माणूस शोधतो आणि त्याला तेथे एक मोरिस्को सहज भेटतो. दीड महिन्यात भाषांतर पुरे होते. मोबदला मनुका आणि गहू. म्हणजे आधुनिक कादंबरीचा आरंभच आपण एक भाषांतर असल्याची बतावणी करतो, आणि तेही तोलेदोत. हा भाग १६०५ सालचा. चार वर्षांनी त्या भाषांतरकाराच्या जातीच्या माणसांना हुसकावण्याचे फर्मान निघाले. १६१५ च्या दुसऱ्या भागात सर्व्हान्तेसने रिकोते नावाचा परागंदा मोरिस्को वेश पालटून स्वतःच्या गावाकडे परतताना दाखवला आहे.

विसाव्या शतकात या इतिहासावर दोन मोठे विद्वान भांडले. साहित्याभ्यासक अमेरिको कास्त्रो याने १९४८ च्या ग्रंथात, स्पॅनिश असणे हे ख्रिस्ती, मुस्लिम व ज्यू यांच्या सहजीवनातूनच घडले, असे मांडले. इतिहासकार सांचेस-आल्बोर्नोस याने पुढच्या दशकात त्याचे सविस्तर खंडन केले. त्याच्या मते स्पॅनिश स्वभाव त्याहून कितीतरी जुना होता. एक अमेरिकेतून लिहीत होता, दुसरा आर्जेन्टिनातून. दोघेही यादवी युद्धामुळे देशाबाहेर पडलेले. ज्या देशातून आपण घालवले गेलो तो मुळात कोणाचा, हा त्यांच्यासाठी केवळ ग्रंथालयातील प्रश्न नव्हता.

म्हणून सहकारी बाईंना मी जो क्रम लिहून दिला, तो कालक्रम नाही. पहिला दिवस सेगोव्हिया, दुसरा अल्काला, तिसरा एल एस्कोरियाल आणि चौथा तोलेदो. संध्याकाळी माद्रिदला परतल्यावर प्रादो संग्रहालय आठ वाजेपर्यंत आणि रविवारी सातपर्यंत उघडे असते. एस्कोरियाल सोमवारी बंद असते. तोलेदोच्या ज्यू संग्रहालयालाही सोमवारी सुटी. ६ जानेवारी हा तीन राजांचा सण असल्याने त्या दिवशी काही गृहीत धरू नये. सोमवार मध्ये आलाच तर सेगोव्हियाचा जलसेतू त्या दिवशी पाहावा. त्याला सुटी नसते.

‘पण तोलेदो आधी पाहिले तर सगळी पार्श्वभूमी कळेल ना?’ असे बाईंनी विचारले. त्यांचे म्हणणे अध्यापनाच्या दृष्टीने चूक नाही. तरीही मी क्रम बदलला नाही. तोलेदो आधी पाहिले की ती एका चांगल्या गोष्टीची सुरुवात वाटते आणि पुढचे सारे दुर्दैवी अपघात. शेवटी पाहिले, की एल त्रान्सितो या सिनागॉगच्या भिंतींवरील हिब्रू कोरीव लेख निराळे दिसतात. चौदाव्या शतकाच्या मध्यास राजाचा खजिनदार सामुएल हा-लेव्ही याने ते बांधले; काही वर्षांतच त्याच राजाच्या हुकमाने त्याचा छळात अंत झाला. १३९१ मध्ये शहरातील ज्यू वस्तीवर हल्ले झाले. १४९२ च्या हद्दपारीनंतर इमारत ख्रिस्ती लढवय्यांच्या पंथाकडे गेली आणि तिचे चर्च झाले. अक्षरे मात्र कोणी खरवडली नाहीत. ती वाचणारे गावात उरले नव्हते, म्हणून खरवडण्याची गरज भासली नसेल, की त्यांच्या सौंदर्यामुळे कोणाचा हात थांबला असेल? हा प्रश्न मनात घेऊनच त्या आत जाव्यात, असे मला वाटते.

कागदाच्या तळाशी मी एक सूचना जोडली आहे: चौथ्या दिवशी परतीची गाडी शक्यतो उशिराची घ्यावी. तोलेदोत अंधार सहानंतर पडतो, पण गल्ल्या त्याआधीच सावलीत जातात. आणि पत्ता विचारीत हिंडण्यासाठी हाती थोडा वेळ असलेला बरा.