काळाच्या पडद्याआड कोण ढकलते? : ट्रॉलीबस बांधणाऱ्या कारखान्यांचा इतिहास

मराठीत इतिहास लिहिताना एक वाक्य आपल्या लेखणीतून फार सहज उतरते : अमुक गोष्ट 'काळाच्या पडद्याआड गेली'. या वाक्याला कर्ता आहे, पण तो फसवा आहे. गेलेली वस्तू जणू आपल्या पायांनी चालत गेली, तिला कोणी घालवले नाही, असा त्याचा सूर असतो. वाङ्मयप्रकारांबद्दल, नियतकालिकांबद्दल, बोलींबद्दल आपण हे वाक्य वापरतोच. यंत्रांबद्दल तर ते निःशंकपणे वापरतो, कारण यंत्र जुने होणे हा निसर्गनियमच आहे असे आपण धरून चालतो. ही समजूत तपासण्यासाठी येथे साहित्याबाहेरचे एक उदाहरण घेतले आहे. ते म्हणजे ट्रॉलीबस, आणि त्यातही ती बांधणाऱ्या कंपन्या.

ट्रॉलीबस म्हणजे डोक्यावरच्या दोन तारांतून वीज घेऊन रबरी चाकांवर चालणारी बस. तिला ट्रामसारखे रूळ लागत नाहीत आणि साध्या बससारखे इंधनही लागत नाही. छपरावरचे दोन लांब दांडे तारांना टेकलेले असतात; एका तारेतून वीज येते, दुसरीतून परत जाते. वेर्नर फॉन सीमेन्स याने २९ एप्रिल १८८२ रोजी बर्लिनजवळ हालेनझे येथे अशी पहिली गाडी चालवून दाखवली. जेमतेम अर्ध्या किलोमीटरचा तो मार्ग जूनच्या मध्यापर्यंत चालला आणि प्रयोग संपला. प्रवाशांच्या नियमित वाहतुकीसाठी ही कल्पना रुळायला पुढे दोन-तीन दशके जावी लागली. ब्रिटनमध्ये लीड्स आणि ब्रॅडफर्ड या शहरांत ती १९११ साली आली, शांघायमध्ये १९१४ साली.

या गाड्या बांधणाऱ्यांची यादी वाचताना पहिली गोष्ट जाणवते ती अशी, की त्यांतले बहुतेक जण दुसरेच काहीतरी करता करता इकडे वळले होते. इंग्लंडमधील इप्सविचच्या 'रॅन्सम्स, सिम्स अँड जेफ्रीज' या कंपनीची मूळ ख्याती नांगरांची. अठराव्या शतकाच्या अखेरीस स्थापन झालेल्या या घराण्याने ओतीव लोखंडाचे नांगराचे फाळ बनवून नाव कमावले आणि विसाव्या शतकात आपल्याच गावाच्या रस्त्यांसाठी ट्रॉलीबस बांधल्या. अमेरिकेतील मार्मन घराण्याचा आरंभ पिठाच्या गिरण्यांच्या यंत्रांपासून झाला. इंडियानापोलिसची पाचशे मैलांची पहिली मोटारशर्यत १९११ साली जिंकली ती त्यांच्याच मोटारीने, आणि त्या वारशातून निघालेल्या 'मार्मन-हेरिंग्टन'ने १९४६ ते १९५९ या काळात दीड हजारांहून अधिक ट्रॉलीबस तयार केल्या. कॅनडातील फोर्ट विल्यम येथे ज्या कारखान्यात एल्सी मॅकगिल या अभियंता स्त्रीच्या देखरेखीखाली युद्धासाठी हरिकेन विमाने बांधली गेली, तेथूनच शांतता होताच ट्रॉलीबस बाहेर पडू लागल्या. फिलाडेल्फियाची 'ब्रिल' ही ट्रामचे डबे बांधणारी, तर 'पुलमन-स्टँडर्ड' आगगाडीचे डबे बांधणारी.

याचे कारण या वाहनाच्या जातकुळीत आहे. ट्रॉलीबस एका हाताने होत नाही. सांगाडा आणि चाके मोटारवाल्याची, अंग डबे बांधणाऱ्याचे, आणि मोटर व नियंत्रणयंत्रणा वीजकंपनीची. या तिघांची भागीदारी जमली तरी गाडी अर्धीच. कारण तारा, खांब आणि उपकेंद्रे शहराने उभारल्याखेरीज ती जागची हलत नाही. मोटार ज्याला परवडेल त्याला विकता येते. ट्रॉलीबस फक्त अशा गिऱ्हाइकाला विकता येते, ज्याने पुढच्या वीस-पंचवीस वर्षांसाठी रस्त्यावर तार ठेवण्याचा निश्चय केलेला आहे. त्यामुळे या कारखान्यांचे भवितव्य कारखान्यात कधीच ठरले नाही. ते ठरले नगरपालिकांच्या सभांत, कायदेमंडळांत आणि नियोजन मंडळांत.

ब्रिटनचे उदाहरण घ्यावे. दुसऱ्या महायुद्धानंतर लंडनकडे सतराशेहून अधिक ट्रॉलीबस होत्या. त्या काळी जगात एवढा मोठा ताफा दुसरीकडे नव्हता. १९४६ साली 'एईसी' आणि 'लेलँड' या दोन मोठ्या मोटार कंपन्यांनी आपले ट्रॉलीबसचे काम एकत्र करून 'ब्रिटिश युनायटेड ट्रॅक्शन' ही कंपनी काढली. पण १९५४ साली लंडनच्या वाहतूक मंडळाने ट्रॉलीबस काढून टाकण्याचे जाहीर केले, आणि त्यांच्या जागी डिझेलवर चालणारी रूटमास्टर आणली. ही रूटमास्टर बांधली कोणी? त्याच एईसीने. म्हणजे ज्या कंपनीने ट्रॉलीबस बांधल्या तिलाच तिच्या जागी येणाऱ्या गाडीचेही काम मिळाले. तिने ट्रॉलीबससाठी भांडावे तरी कशाला? लंडनची शेवटची ट्रॉलीबस ८ मे १९६२ रोजी धावली. त्याआधीच तिथल्या सव्वाशे गाड्या स्पेनमधील वाहतूक कंपन्यांनी विकत घेतल्या होत्या आणि त्या तिकडे पुढे अनेक वर्षे चालल्या. यंत्र निकामी झाले म्हणून निवृत्त झाले नव्हते, याचा यापेक्षा साधा पुरावा कोणता?

अमेरिकेत गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे. तेथे अनेक शहरांतील ट्राम आणि ट्रॉलीबस वीजकंपन्यांच्याच मालकीच्या होत्या. वीजकंपन्यांच्या मक्तेदारीला आळा घालण्यासाठी १९३५ साली कायदा झाला, आणि त्याचा एक परिणाम असा झाला की त्यांपैकी अनेकींना वाहतुकीचा व्यवसाय सोडावा लागला. विजेची तार एकाकडे आणि रस्त्यावरची गाडी दुसऱ्याकडे, अशी फारकत झाली. शहरोशहरीच्या वाहतूक कंपन्या विकत घेणाऱ्या 'नॅशनल सिटी लाइन्स' या संस्थेत जनरल मोटर्स, फायरस्टोन आणि तेलकंपन्या यांचे पैसे होते. या कंपन्यांना बस, टायर आणि इंधन विकण्याची मक्तेदारी साधण्याचा कट केल्याबद्दल १९४९ साली न्यायालयाने दोषी ठरवले. जनरल मोटर्सला दंड झाला पाच हजार डॉलर. हा एकच कट सगळ्या विनाशाचे कारण होता असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. खाजगी मोटारींची वाढ, उपनगरांकडे सरकणारी वस्ती, खांबतारांचा देखभालखर्च ही कारणेही खरीच होती. पण यांतले एकही कारण 'काळ' नव्हे. १९५९ अखेर अमेरिकेतील प्रमुख निर्माते या व्यवसायातून बाहेर पडले होते. सॅन फ्रान्सिस्को आणि सिअ‍ॅटल येथे मात्र तारा राहिल्या. त्या शहरांत चढ होते, आणि जलविद्युत् शहराच्या स्वतःच्या मालकीची होती.

दुसऱ्या टोकाला सोव्हिएत संघ. तेथे तेल मुबलक असूनही ट्रॉलीबसची सर्वांत मोठी परंपरा उभी राहिली, कारण वीज, रस्ता, कारखाना आणि गिऱ्हाईक हे चारही एकाच सत्तेचे होते. मॉस्कोत १९३३ साली धावलेल्या पहिल्या गाडीला लाझार कागानोविच या पक्षनेत्याची आद्याक्षरे दिली होती. युद्धानंतरच्या एका प्रतिमानाच्या नावातील ८२ हा आकडा तुशिनोच्या विमान-कारखान्याचा क्रमांक होता. पण या नावांत सर्वाधिक इतिहास दडला आहे तो 'झिऊ' या अक्षरांत.

'झिऊ' म्हणजे 'उरित्स्कीच्या नावाचा कारखाना'. मोइसेई उरित्स्की हा पेत्रोग्राडच्या गुप्त पोलिसांचा प्रमुख. ऑगस्ट १९१८ मध्ये लिओनिद कानेगिसेर या तरुण कवीने त्याला गोळी घातली, आणि त्यानंतर 'लाल दहशती'चे पर्व अधिकृतपणे सुरू झाले. कारखान्याचे मूळ होते ब्रियान्स्कजवळच्या, १८६८ साली सुरू झालेल्या रेल्वे डब्यांच्या कार्यशाळेत. १९४१ साली जर्मन सैन्य जवळ आल्यावर यंत्रे उचलून व्होल्गाकाठच्या एंगेल्स या शहरी नेण्यात आली. फ्रीड्रिख एंगेल्सचे नाव असलेले हे शहर व्होल्गा-जर्मनांच्या स्वायत्त प्रजासत्ताकाची राजधानी होते, आणि त्याच वर्षी स्टालिनच्या हुकमाने त्या जर्मनांना सायबेरिया आणि कझाकस्तानकडे हद्दपार करण्यात आले. ज्या गावातून माणसे हलवली गेली त्याच गावात कारखाना आणून ठेवला गेला. १९५१ पासून तेथे ट्रॉलीबस बांधल्या जाऊ लागल्या. १९७२ पासूनचे 'झिऊ-९' हे प्रतिमान चाळीस हजारांहून अधिक संख्येने तयार झाले. जगात एवढ्या संख्येने दुसरी कोणतीही ट्रॉलीबस झाली नाही. अथेन्स, बुडापेस्ट अशा दूरच्या शहरांतही ती गेली.

बुलात ओकुद्झावा याने १९५७ साली मध्यरात्रीच्या ट्रॉलीबसवर रचलेले गाणे रशियन वाचकांना परिचित आहे. रात्री भटकणाऱ्या एकाकी माणसाला आसरा देणारी ती गाडी आहे. तिच्यात बसणाऱ्याला कारखाना, गोळी आणि हद्दपारी आठवण्याचे कारण नव्हते. वस्तू लोकांच्या जिव्हाळ्याची होते तेव्हा तिचा उगम पुसला जातो. इतिहासकाराला तो पुन्हा लिहावा लागतो, आणि तो लिहिताना तिच्याविषयीचा जिव्हाळा खोटा ठरवायचा नसतो.

चेकोस्लोव्हाकियातील ओस्ट्रोव्हची कथाही अशीच दुपेडी आहे. जवळच्या याखिमोव्हच्या खाणींतून एकेकाळी चांदी निघे. तिच्या 'योआखिम्सथालर' नाण्याच्या नावातूनच 'डॉलर' हा शब्द आला. दुसऱ्या महायुद्धानंतर तेथील युरेनियम काढण्यासाठी राजकीय कैदी राबवले गेले. खाणीच्या कामगारांसाठी ओस्ट्रोव्हमध्ये नवे नगर उभारले गेले, आणि तेथेच पुढे श्कोडाचा ट्रॉलीबस कारखाना चालला. १९६१ ते १९८२ या काळात एकाच प्रतिमानाच्या सात हजारांहून अधिक गाड्या येथे झाल्या. क्रिमियातील सिम्फेरोपोल ते याल्टा या सुमारे ८६ किलोमीटरच्या, जगातल्या सर्वांत लांब मार्गावर त्या डोंगर चढत. साम्यवादी राजवट गेल्यावरही कारखान्याला मोठे काम मिळाले ते सॅन फ्रान्सिस्कोचे : २००१ ते २००४ या काळात २७३ गाड्या. अमेरिकेने आपले निर्माते गमावले होते, म्हणून तिला शीतयुद्धातील विरोधी गटाच्या कारखान्याकडे जावे लागले. ती मागणी पुरी झाली, आणि २००४ साली ओस्ट्रोव्हमधील उत्पादन थांबले. एंगेल्सचा कारखाना 'ट्रोल्झा' या नावाने आणखी काही वर्षे तगला आणि २०१० च्या दशकाच्या उत्तरार्धात दिवाळखोरीत गेला. २०२० साली मॉस्कोनेही आपल्या तारा उतरवल्या.

येथे आपल्या मुंबईची आठवण अपरिहार्य आहे. बेस्टने गोवालिया टँक ते माझगाव डॉक या मार्गावर ट्रॉलीबस सुरू केली ती ११ जून १९६२ रोजी, म्हणजे लंडनची शेवटची गाडी थांबल्यानंतर चौतिसाव्या दिवशी. २४ मार्च १९७१ रोजी ती बंदही झाली. ज्या उपक्रमाच्या नावातच वीजपुरवठा आणि वाहतूक एकत्र नांदत होते, त्यालाही ती नऊ वर्षेच चालवता आली. एकाच मार्गापुरत्या गाड्यांभोवती ना कारखाना उभा राहतो, ना सुट्या भागांची बाजारपेठ, ना कारागिरांची पिढी. आज मुंबईत विजेच्या बस पुन्हा आल्या आहेत, आणि 'नवे तंत्रज्ञान' म्हणून त्यांचे स्वागत होते आहे. हे विस्मरणही त्या पडद्याचेच काम आहे.

आणि पडद्यामागचे सगळेच मेलेले नाही. चिलीतील व्हालपराइसो येथे पुलमन-स्टँडर्डच्या गाड्या, त्या कंपनीने ट्रॉलीबसचे काम सोडल्यावर अर्धशतकानंतरही प्रवासी वाहत होत्या. २००३ साली त्या देशाने त्यांना राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा दिला. स्वित्झर्लंडमधील 'हेस' ही, सीमेन्सच्या प्रयोगाच्याच वर्षी स्थापन झालेली कंपनी, आजही ट्रॉलीबस बांधते. प्रागने १९७२ साली बंद केलेली ट्रॉलीबस पुन्हा आणली आणि मार्च २०२४ पासून ती विमानतळापर्यंत जाते. या नव्या गाड्या तारेखाली चालता चालता आपली बॅटरी भरून घेतात. त्याच वर्षी बेल्जियममधील 'व्हान होल' ही नामांकित कंपनी मात्र दिवाळखोर झाली. प्रवाह एका दिशेचा नाही, हेच यातून दिसते.

म्हणून एखादी गोष्ट काळाच्या पडद्याआड गेली असे लिहिताना क्षणभर थांबावे. ती कोणाच्या ठरावाने गेली, कोणत्या कलमाने गेली, तिच्या जागी आलेल्या वस्तूचा फायदा कोणाला झाला, आणि दुसरीकडे कोणी तिला कशाच्या बळावर टिकवले, हे प्रश्न विचारावेत. उत्तरे मिळाली की ते वाक्य बहुधा खोडावे लागते.