गाय गाभडली, घरात ताप हटेना? ब्रुसेल्लोसिसची शंका घ्या

ताप तीन आठवडे उलटूनही उतरत नाही. मलेरिया नाही, विडाल तपासणीतून काही ठरत नाही, छातीचा एक्स-रे स्वच्छ. रुग्णालयाच्या कागदांवर ‘कारण न समजलेला ताप’ अशी नोंद होते. अशा रुग्णांपैकी काहींच्या तापाचे मूळ गोठ्यात असते, पण डॉक्टर जनावरांबद्दल विचारत नाहीत आणि पशुपालकाला ते सांगण्यासारखे वाटत नाही.

हा आजार म्हणजे ब्रुसेल्लोसिस, जनावरांतील सांसर्गिक गर्भपात. गाई-म्हशींत तो मुख्यतः ब्रुसेला अबॉर्टस या जिवाणूमुळे होतो, तर शेळ्या-मेंढ्यांत ब्रुसेला मेलिटेन्सिसमुळे. माणसाला मेलिटेन्सिसचा त्रास जास्त तीव्र होतो. डेव्हिड ब्रूस यांनी १८८७ मध्ये माल्टा बेटावर तापाने दगावलेल्या सैनिकांमध्ये हा जिवाणू शोधला. तो शेळीच्या दुधातून येतो, हे मात्र १९०५ मध्ये कळले. तोवर शेळ्या दिसायला धडधाकटच होत्या. आजही फसगत इथेच होते.

गोठ्यातील खुणा

गाय किंवा म्हैस पाचव्या महिन्यानंतर गाभडते, वार अडकते, पुढे उलटण्याचे प्रमाण वाढते. वळूच्या वृषणाला सूज येते, काही जनावरांच्या गुडघ्यावर पाण्याची गाठ दिसते. एकदा गाभडलेली गाय पुढच्या वेळी पूर्ण दिवसांनी व्याली, तरी ती बरी झाली असे समजू नये. दूध आणि गर्भाशयातील स्रावातून जिवाणू बाहेर पडत राहतात.

माणसाला कसा होतो

उघड्या हाताने वार ओढणे, गाभडलेले वासरू उचलणे, अडलेल्या जनावराला मोकळे करणे ही मुख्य कारणे. हातावरची बारीक खरचटही जिवाणूला पुरते. दुसरा मार्ग न तापवलेल्या दुधाचा. धारोष्ण दूध ताकद देते हा समज अजून घट्ट आहे. पण दूध उकळूनच प्यावे. कच्च्या दुधाचे दही-लोणीही टाळावे.

लक्षणे साधारण १ ते ४ आठवड्यांत, कधी काही महिन्यांनी दिसतात. चढ-उतार होणारा ताप, रात्री दरदरून घाम, कंबर व सांधे दुखणे, थकवा, पुरुषांत वृषणाला सूज. गरोदर महिलेला गर्भपाताचा धोका असतो, म्हणून गाभडलेल्या जनावराजवळ तिला जाऊ देऊ नये.

डॉक्टरांना काय सांगावे

घरात जनावरे आहेत, अमुक महिन्यात गाय गाभडली, वार मी काढली, दूध कच्चे पितो. एवढे स्वतःहून सांगावे. विडाल तपासणीत हा आजार कळत नाही. रोझ बंगाल किंवा ट्यूब अ‍ॅग्लुटिनेशन या रक्त तपासण्या कराव्या लागतात. रक्त कल्चरसाठी नमुना देताना प्रयोगशाळेला शंका कळवणे आवश्यक आहे, कारण हा जिवाणू हळू वाढतो आणि हाताळणाऱ्यालाही बाधतो. उपचारात सहसा दोन प्रतिजैविके किमान ६ आठवडे चालतात. ताप आठवड्यात उतरला म्हणून गोळ्या सोडल्यास आजार उलटतो.

गोठ्यात काय करावे

गाभडलेले वासरू, वार व माखलेला चारा हातमोजे घालून उचलावा, खोल खड्ड्यात चुना टाकून पुरावा. कुत्र्यांना खाऊ देऊ नये, ओढ्यात फेकू नये. जनावर वेगळे बांधून पशुवैद्यकाकडून रक्त तपासून घ्यावे. बाधित जनावरावर खात्रीचा उपचार नाही. ते गुपचूप बाजारात विकले की आजार दुसऱ्याच्या गोठ्यात जातो. हजारो रुपयांची गाय दावणीला ठेवून पोसणे परवडत नाही हे खरे, पण घेणाऱ्याच्या घरीही लहान मुले असतात.

४ ते ८ महिन्यांच्या कालवडी व पारड्यांना एस-१९ लस आयुष्यात एकदाच द्यावी. राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमात ती मोफत मिळते. नर वासरांना आणि गाभण जनावरांना देऊ नये. लस जिवंत जिवाणूंची असल्याने टोचणाऱ्याने हातमोजे व चष्मा वापरावा; सुई स्वतःला लागली तर लगेच डॉक्टरांकडे जावे. माणसांसाठी लस उपलब्ध नाही.

विस्तार कार्यकर्त्यांनी गर्भपाताची नोंद घेताना घरात कोणाला लांबलेला ताप आहे का, हेही त्याच भेटीत विचारावे.