संतांचा समागम

संतांचा समागम म्हणजे पृथ्वीवरील भाविक, शुद्धिस्थानातील आत्मे व स्वर्गातील संत यांचे ख्रिस्तामधील एकच कुटुंब. बाप्तिस्म्याने आपण त्यात जन्म घेतो आणि मृत्यूने हे नाते तुटत नाही, असे दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६४ साली पुन्हा स्पष्ट केले. म्हणूनच १ नोव्हेंबरच्या सर्व संतांच्या सणापाठोपाठ २ नोव्हेंबरला मृत भाविकांचे स्मरण येते. कबरीवर त्या दिवशी मेणबत्ती लावावीच. परंतु मृतांची आठवण प्रत्येक मिस्सामध्ये होते, हे बहुधा आपल्या ध्यानी राहत नाही. ‘युखरिस्त’ या ग्रीक शब्दाचा अर्थच उपकारस्तुती. गमावलेल्या आप्तासाठी रडणाऱ्यालाही तेथे तो आप्त लाभल्याबद्दल देवाचे आभार मानता येतात. वसईत जन्मलेले संत गोन्सालो गार्सिया १५९७ साली नागासाकीत रक्तसाक्षी झाले. १८६२ साली त्यांना संतपद मिळाले. तेही याच कुटुंबातले.